हातभर धागा

आमच्या घरात मांजर आली ती प्लेगमुळे. प्लेगच्या साली अख्खं सुरत उंदराच्या नावानं घाबरलं, निम्मी चाळ गावाला पळाली, आणि पुढच्या वर्षी सगळे परत आल्यावर उधन्याच्या आमच्या चाळीत खोली तिथं मांजर असा जणू नियमच झाला. आमचा घरमालक आधी कुणाला कोंबडीसुद्धा पाळू देत नसे. तो स्वतः एक मांजरीचं पिल्लू पिशवीतून घेऊन आला आणि आमच्या उंबऱ्यावर सोडून गेला. मला मांजरं आवडत नाहीत. तेव्हाही आवडत नव्हती. पण मालकाला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि बायकोनं तोवर पिल्लू उचलून घेतलंही होतं.

पुढे सांगतो ते घडलं तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं आणि बायकोला अमळनेरकडच्या तिच्या गावाहून आणून चार महिने. या चार महिन्यांत आमच्यात काय बोलणं झालं ते मला आठवत नाही, कारण आठवण्यासारखं झालंच नाही. मी विचारायचो, ती उत्तर द्यायची. जेवलीस का, तर हो. करमतं का, तर करमतं. रागावलीस का, तर नाही. पुढचा प्रश्न मला सुचायचा नाही. मी पंधराव्या वर्षापासून लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात. तिथं इतका खडखडाट की माणूस आत असताना खुणांनी बोलतो आणि बाहेर आला की ओरडून बोलतो. तिला वाटत असेल, हा सदा रागावलेलाच. मला वाटायचं, ही सदा रुसलेलीच. दोघांपैकी बरोबर कोण होतं देव जाणे.

मांजरीशी मात्र ती बोलायची. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखं तिनंही धागे कापायचं काम घरी घेतलं होतं. साडी विणून झाली की तिच्या उलट्या बाजूला बुट्ट्यांचे सुटे धागे लोंबत राहतात. ते छोट्या कात्रीनं कापून साडी साफ करायची. दिवसभर तिच्या मांडीवर साडीचा ढीग, भोवती रंगीत धाग्यांचा पसारा, आणि त्या पसाऱ्यात उताणी पडून चारी पायांनी धागे ओढणारी मांजर. मी रातपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपायचो तेव्हा अर्धवट झोपेत मला बायकोचा आवाज ऐकू यायचा. आईच्या गोष्टी, शेतातल्या विहिरीच्या गोष्टी, बहिणीच्या सासूच्या नकला. मी जागा झालो की आवाज बंद. मांजरीला नाव नव्हतं. ती तिला "ये वं माय" एवढंच म्हणायची आणि मांजर यायची.

मी जळायचो का? जळायचो. मांजरीवर जळणारा नवरा, सांगायलाही लाज वाटते. पण त्याच वेळी मला हेही कळत होतं की मांजर आल्यापासून खोलीत कुणीतरी बोलतं आहे, आणि ती गेली तर कुणीच बोलणार नाही.

मांजर आजारी पडली तो माझ्या रातपाळीचा आठवडा होता. आधी तिनं दूध सोडलं. मग पिवळा फेस ओकायला लागली. मग ओकायलाही काही उरलं नाही तेव्हा नुसतीच मान पुढे करून कण्हायची आणि पुन्हा खुडूक कोंबडीसारखी अंग आक्रसून बसून राहायची. बायकोनं धाग्यांचं काम बाजूला ठेवलं आणि तिच्यासमोर बसून राहिली. मला म्हणाली, हिला काय झालं बघा ना. मी बघितलं. मांजरीकडे बघून काय झालं ते कळतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग चाळ जमली. शेजारची मराठवाड्याची काकू म्हणाली, पोटुशी आहे, पोटुशी मांजर असंच करते. समोरच्या खोलीतल्या म्हातारीनं सांगितलं की नजर लागली, आणि लगेच मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या मिरच्यांच्या धुरानं मांजर सोडून आम्हीच खोकत बसलो. कुणी म्हणालं, विष घातलेला उंदीर खाल्ला असणार, तूप पाजा. कुणी म्हणालं, चाटून चाटून पोटात केसांचा गोळा झाला, गवत खायला घाला. बायकोनं सगळंच केलं. तूप पाजलं, रेल्वेच्या कडेचं गवत आणलं, पोटावर हळद लावली. मी आणखी एक भर घातली. प्लेगच्या वेळी वाटलेल्या कॅप्सूल आमच्या फळीवर अजून होत्या. त्या कॅप्सूलनं प्लेग पळाला तर मांजरीची ओकारी काय चीज आहे, असा माझा हिशोब. अर्धी कॅप्सूल फोडून मी दुधात कालवली आणि बायकोनं तोंड धरल्यावर चमच्यानं आत ओतली. मांजरीच्या तोंडाला इतका फेस आला की मला वाटलं ही आत्ताच जाते. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणतात ते हेच.

तिला पोरं होणार, तिला नजर लागली, तिनं विष खाल्लं आणि तिच्या पोटात केस आहेत, हे सगळं एकाच वेळी खरं असू शकत नाही, एवढं मला कळत होतं. पण यातलं कोणतं खोटं, ते कळत नव्हतं. धाग्याचं नाव कुणीही काढलं नाही. ज्या चाळीत पायाला, भाकरीला, पाण्याच्या माठाला धागा चिकटलेला असतो, तिथं धागा कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खात्यातून घरी आलो. बारा तास उभा राहिलेला माणूस सकाळी सातला घरी येतो तेव्हा तो चालतो म्हणून आलेला असतो, शुद्धीवर असतोच असं नाही. खोलीचं दार उघडं होतं. बायको डोक्यावरून पांघरूण घेऊन आडवी झाली होती, रात्रभर मांजरीजवळ बसली असावी. मांजर उंबऱ्याजवळ, पाठ माझ्याकडे. आणि तिच्या शेपटीखालून एक हिरवा धागा लोंबत होता. दोन-तीन बोटं असेल.

आता हे मी कसं सांगू. खात्यात मी सहा मशीनं बघायचो. त्या सहांवर हजारो तारा, म्हणजे ताण्याचे धागे, आणि कुठे एक तार तुटली की तिचं टोक शोधायचं, चिमटीत धरायचं, ताणून बघायचं आणि गाठ मारायची. हे मी दिवसातून किती वेळा करत असेन याची मोजदाद नाही. लोंबणारं टोक दिसलं की हात आपोआप जातो. लग्नाच्या मांडवातसुद्धा माझा हात कुणाच्या तरी शेल्याच्या सुटलेल्या दशीकडे गेला होता आणि मामांनी डोळे वटारले होते. त्या सकाळी मी वाकलो, धागा चिमटीत धरला आणि ओढला.

तो आला. सुळकन आला, जवळजवळ हातभर, कोपरापर्यंत. मग अडकला. मांजरीनं तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. अडकलेला धागा मशीनवर जसा सोडवतो तसा मी एक झटका दिला. धागा तुटला. मी तो बाहेर गटारात टाकला, हात धुतले आणि झोपलो. मला बरंच वाटलं, आतली घाण निघाली म्हणून. ही माझी अक्कल.

दुपारी बायकोनं मला हलवून उठवलं. मांजर आता मान टेकून पडली होती आणि पोटाला हात लावू देत नव्हती. बायको म्हणाली, डॉक्टरकडे न्यायचं. मी म्हणालो, मांजरीला डॉक्टर असतो का. ती म्हणाली, असतो. शेजारच्या काकूचा भाऊ चलथाणच्या साखर कारखान्यात होता, तिकडे जनावरांच्या दवाखान्यात चांगला डॉक्टर बसतो म्हणे. बायकोनं हे सगळं आधीच विचारून ठेवलं होतं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती मला काही करायला सांगत होती. मी चप्पल घातली.

पॅसेंजरनं आम्ही चलथाणला गेलो. मांजर एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. दवाखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक खोली, आणि समोर जनावर उभं करायचा लाकडी खोडा. खोड्यात एक बैल होता, ऊसगाडीच्या जोखडानं त्याचा खांदा सोलवटला होता. दोन म्हशी झाडाखाली वाट बघत होत्या. त्या रांगेत आम्ही मांजर घेऊन उभे राहिलो तेव्हा म्हशीवाले आमच्याकडे बघून हसले. कंपाउंडरनं केसपेपर काढला आणि जनावराचं नाव विचारलं. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, मांजर. त्यानं गुजरातीत लिहिलं, बिलाडी, मराठीनी. मराठी माणसाची मांजर. मला उगाचच अपमान झाल्यासारखं वाटलं, पण कोणाचा झाला ते ठरवता येईना.

डॉक्टर पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालायची सवय असलेला. त्यानं मांजरीच्या पोटावरून बोटं फिरवली तेव्हा मात्र ती बोटं पीठ चाळल्यासारखी हलकी फिरली. मग त्यानं तिचं तोंड उघडलं, अंगठ्यानं खालून जीभ वर ढकलली आणि थांबला. आम्हाला वाकून बघायला सांगितलं. जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक हिरवा धागा फासासारखा अडकला होता आणि तिथून घशात गेला होता. त्याच्या भोवतीचं मांस लाल झालं होतं. मांजरीनं धागा गिळला, त्याचं एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं पोटात उतरत गेलं, असं डॉक्टरनं सांगितलं. त्यानं बारीक कात्रीनं जिभेखालचा धागा कापला. म्हणाला, आता वरचं टोक मोकळं झालं. नशीब असेल तर सगळा धागा खालून आपोआप पडेल.

मग त्यानं विचारलं की मागून धागा बाहेर आलेला दिसला होता का.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपारी. मी कपाळावरचा घाम पुसला. बायको म्हणाली, हो, दिसला होता.

"कोणे खेंच्युं?" डॉक्टरनं विचारलं. कुणी ओढला?

मला तोंड उघडायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या आधीच बायको बोलली. तिला गुजराती कळायचं पण बोलता येत नव्हतं, ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मैंने खींचा. इतना." आणि दोन बोटं जोडून दाखवली.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्याचं. लाज नंतर आली. मग गोंधळ उडाला. हिनंही ओढला होता का? माझ्याआधी, पहाटे? की माझ्यानंतर, मी झोपल्यावर? पण मी तर धागा तोडला होता, नंतर ओढायला काय उरलं असणार? की तिनं मला पाहिलं आणि माझ्यावर पांघरूण घालते आहे? घालत असेल तर का? मी तिच्याशी असा काय चांगला वागलो होतो? डॉक्टर तिला विचारत होता, सहज आला की अडकला, जोर लावला का. ती म्हणत होती, सहज आला, जोर नाही लावला. हे तिला कुठून माहीत, असं मला वाटत होतं. आणि हे खोटं आहे, हे मलाच माहीत होतं.

डॉक्टरनं विचार केला. मग म्हणाला की थोडासाच आणि सहज आला असेल तर आज पोट उघडत नाही, इतकी अशक्त मांजर भूल सोसणार नाही. एक तेलासारखं औषध दिलं, सुई टोचली, आणि उद्या-परवा घेऊन या म्हणाला. रक्त ओकली किंवा पोट फुगलं तर लगेच. आणि धाग्याला पुन्हा हात लावू नका. मी मान हलवली. एवढंच मी त्या खोलीत केलं.

परतीच्या गाडीत बायको मांजरीला थोपटत होती. मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा विचारणार होतो, तू खरंच ओढलास का. पण ते विचारलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. दुसऱ्यांदा सांगणारच होतो, तेव्हा तिकीट तपासनीस आला. तिसऱ्यांदा उधना आलं. तिनं मला विचारलं, काय म्हणत होतात? मी म्हणालो, भूक लागली.

त्या रात्री मी पाळीवर गेलो. तारा तुटत होत्या, मी जोडत होतो. प्रत्येक टोक चिमटीत धरताना मला तो झटका आठवायचा. डॉक्टरनं विचारलेले प्रश्न मी उलटसुलट लावून बघत होतो. सहज आला असेल तर थांबायचं, म्हणजे जोरानं ओढला असेल तर थांबायचं नाही. हे एवढं सरळ होतं. मग मी बोललो का नाही? बायकोसमोर लाज वाटली म्हणून, की तिचं खोटं उघडं पडेल म्हणून? मी स्वतःला दुसरं कारण सांगून बघितलं. ते जरा बरं वाटलं, म्हणून त्यावर माझा विश्वास बसला नाही.

सकाळी खात्यातून सुटलो तो घरी न जाता थेट स्टेशनवर गेलो. दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. डॉक्टर आला तेव्हा त्यानं मला ओळखलं आणि मांजर कुठाय असं विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. धागा मी ओढला. हातभर आला. अडकला. झटका दिला, तुटला. काल सकाळी, तिला इथं आणायच्या आधी.

तो ओरडला नाही, ते फार वाईट वाटलं. त्यानं मला विचारलं की लेंग्याची नाडी ओढल्यावर नेफ्याचं काय होतं. मी म्हणालो, चुण्या पडतात. तो म्हणाला, मांजरीचं आतडं तसंच त्या धाग्यावर गोळा झालेलं असतं. वरचं टोक जिभेला बांधलेलं असताना तू खालून हातभर खेचलंस. आतडं म्हणजे मांजरपाट नाही. असा धागा आतून करवतीसारखा कापत जातो. धागा तोंडातून दिसो की मागून, ओढायचा कधीच नसतो, दोन बोटं ठेवून कापायचा आणि जनावर इकडे आणायचं. मग म्हणाला, लवकर आण, आजच उघडावं लागेल. आणि काल तुझ्या बाईनं स्वतः ओढला असं का सांगितलं?

मी म्हणालो, माहीत नाही. आणि मग मी त्याला हात जोडले आणि म्हणालो की बाईला यातलं काही सांगू नका. मला तेव्हा वाटलं की हा मला आता हाकलून देणार. पण तो आत जाऊन कात्र्या-चिमटे उकळायला ठेवायला सांगू लागला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो की चल, डॉक्टरनं बोलावलंय. डॉक्टरनं मला कुठे गाठून बोलावलं, आमच्याकडे काय फोन होता? तिनं काही विचारलं नाही. मांजरीचं पोट रात्रीत टणक झालं होतं. तिनं फडकं उचललं आणि माझ्यापुढे चालायला लागली.

डॉक्टरनं सांगितलं की बैलाच्या पोटातून त्यानं खिळे काढलेत, तारा काढल्यात, पण मांजरीचं आतडं फक्त शिकताना हाताळलंय. चालेल का? बायको म्हणाली, करा. आम्ही बाहेर झाडाखाली बसलो. शेजारी एक म्हैस रवंथ करत होती. बायकोनं हातात मांजरीचं फडकं धरलं होतं आणि त्याच्या कडेची एकेक दशी मोडत होती. मला वाटत होतं की आता बोलावं. मला हेही वाटत होतं की आत ती वाचली तर मग बोलायची गरजच पडणार नाही. मी देवाकडे मांजरीचं आयुष्य मागत होतो की स्वतःची सुटका, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

बराच वेळ गेला. मग कंपाउंडरनं हाक मारली. टेबलावर मांजर आडवी होती, पोटावर टाके. तिला जाग आली नव्हती आणि येणार नव्हती. आतडं चार-पाच ठिकाणी कापलं गेलं होतं, डॉक्टरनं सगळीकडे टाके घातले, पण शेवटच्या टाक्याच्या आधीच श्वास थांबला. इनॅमलच्या ट्रेमध्ये हिरव्या धाग्याचं भेंडोळं होतं. तो ते दाखवायला आला तेव्हा बायकोनं तोंड फिरवलं. ती बाहेर गेल्यावर मी डॉक्टरला विचारलं की काल उघडलं असतं तर वाचली असती का.

त्यानं हात पुसले. "कही न शकाय," तो म्हणाला. सांगता येत नाही.

कंपाउंडरनं फावडं दिलं. दवाखान्यामागे उसाच्या बांधाला मी खड्डा केला. बायकोनं मांजरीला फडक्यासकट ठेवायचं म्हटलं, मग विचार बदलला आणि फडकं काढून घेतलं. मातीही तिनंच लोटली. ती रडली नाही. मी रडलो, आणि ते तिनं पाहिलं.

चलथाण स्टेशनवर गाडीला अजून वेळ होता. फलाटावर एकच बाक सावलीत होता, त्यावर आम्ही दोघं. माझ्या तोंडून आमच्या दोघांच्या गावाकडची बोलीच निघाली. एरवी मी तिच्याशी शहरी मराठीत बोलायचो, का कोण जाणे.

"तो धागा मी वढा व्हता," मी म्हणालो. "हातभर. झटका बी दिधा."

"मले मालूम शे," ती म्हणाली. "मी जागीच व्हतू. पांघरूनमाईन तुम्हनी वाकेल पाठ दिसनी, हात नही दिसना. मंग देखं तं धागा व्हताच नही."

मग डॉक्टरला तू स्वतःचं नाव का सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली की डॉक्टर चार लोकांत तुम्हाला रागावेल असं वाटलं, म्हणून बोलून गेले. कोणी ओढला यानं काही फरक पडत नाही असं वाटलं. नंतर तो किती ओढला, कसा ओढला विचारायला लागला. ते तिला माहीतच नव्हतं, तिला नुसती पाठ दिसली होती. दोन बोटं तिनं आपली अंदाजानं दाखवली.

"मंग मी वाट देखत ऱ्हायनू," ती म्हणाली. "आते बोलशात, मंग बोलशात. कितला वढा ते तुम्हलेच मालूम व्हतं."

मी तिला सांगितलं की सकाळी मी डॉक्टरकडे गेलो होतो, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तेही तिला कळलं होतं. सकाळी सातला घरी येणारा माणूस दहाला आला होता आणि पायाला उसाच्या रस्त्याची माती होती. आणि मग तिनं मला विचारलं, चार महिन्यांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा ज्याचं उत्तर तिला खरंच हवं होतं.

"कालदिन सांगतात तं वाचती का ती?"

सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला, मी तिला सांगितलं. त्याच्या तोंडचे हेच शब्द होते, त्यात माझं काही नव्हतं. आत्ताची कबुली सोडली तर त्या दोन दिवसांत तिला सांगितलेलं बहुधा पहिलंच पूर्ण खरं वाक्य. हे वाक्य मी स्वतःच्या सोयीसाठी रचून सांगतोय का, एवढंच ती माझ्या तोंडावर शोधत होती, आणि रचलेलं नाही हे तिला पटवायला माझ्याकडे काहीही नव्हतं.